झाडाला विचारून लावावे

झाड वाळले की आपल्याकडे त्याची फारशी चौकशी होत नाही. माणूस आजारी पडला तर आपण डॉक्टर बदलून पाहतो, हवापालट करतो, नवस बोलतो. पण परसातला गुलाब वाळला की घरातल्या घरात एका वाक्यात निकाल लागतो, 'तुमच्या हाताला गुण नाही.' निकाल देणारी व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात असते आणि आरोपी ओसरीवर. त्यामुळे अपिलाला जागा राहत नाही. शिरोळात राहून मी बरीच वर्षे परसात काही ना काही लावीत आलो आहे, आणि गल्लीतल्या लोकांच्या कुंड्यांत नाक खुपसण्याचाही मला नाद आहे. ह्या सगळ्या उद्योगातून माझे असे मत झाले आहे की, वाळलेली पुष्कळशी झाडे हातगुणाने मेलेली नसतात. भलत्या गावी राहायला आल्यामुळे ती मेलेली असतात.

हे शहाणपण खरे तर माझे नव्हे, माझ्या आत्तीचे. आमचे एक मेहुणे हौशी. कोकणात गेले की तिथले रोप आणल्याशिवाय ते घाट चढत नाहीत. एका वर्षी त्यांनी आमच्यासाठी अनंत आणला. पहिले दोन महिने अनंत बरा होता. मग त्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधली जागा हळदीने माखल्यासारखी. कळ्या धरत आणि उमलण्याआधीच गळून पडत. मेहुण्यांनी शेणखत घातले, युरिया घातला, पाणी वाढवले. आत्ती जोत्यावर बसून हा दवापाणी पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "पावणं, आणताना त्येला इचारलासा काय, हितं ऱ्हाशील का म्हणून?"

सगळे हसले. पण बागेवरची जाडजाड पुस्तके वाचूनही जे नीट उमगत नाही, ते ह्या एका प्रश्नात आहे.

कोल्हापूर जिल्हा नकाशावर लहान दिसतो, पण त्याच्या दोन टोकांत दोन वेगळे देश नांदतात. पश्चिमेला गगनबावड्याकडे डोंगर, तांबडी माती आणि पावसाचा मारा. पूर्वेला आमचे शिरोळ: सपाट रान, काळी भारी जमीन आणि पाऊस बेताचा. तांबड्या मातीतून पाऊस चुना धुऊन नेतो, म्हणून ती आंबट असते. आमच्या काळ्या मातीत चुनखडी मुरलेली. अनंताला, चहाला, कोकणातल्या कितीतरी झाडांना आंबट माती हवी. चुनखडीच्या मातीत लोह असते, पण ते कुलूप लावलेल्या कपाटातल्या लाडवांसारखे: दिसते, मिळत नाही. झाड उपाशी राहते आणि कोवळे पान पिवळे पडते.

तुमच्या मातीत चुनखडी आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा नको. बशीत चमचाभर वाळलेली माती घ्यावी आणि तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओतावा. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे. हा खेळ मुलांच्या हाती दिला तर दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार तरी घर शांत राहते.

पिवळ्या पानाचे आणखी एक गमक सांगून ठेवतो. आधी कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर बहुधा लोहाची तक्रार. खालची, जुनी पाने सबंध पिवळी पडत गेली, तर बहुधा नत्राची. तिथे शेणखत कामाला येते. सगळेच झाड मलूल आणि माती ओली, तर पाणी जास्त झाले आहे आणि मुळे गुदमरली आहेत. लोहाच्या तक्रारीवर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून सकाळच्या वेळी पानांवर फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पान हिरवे होते. पण ही पाहुण्याला रोज बाहेरून डबा आणून देण्यातली गत आहे. त्यापेक्षा अनंत कुंडीत लावावा, त्याला तांबडी माती आणि पानांचे कुजलेले खत द्यावे, पावसाचे साठवलेले पाणी घालावे. नाहीतर त्याला त्याच्या गावी सुखाने राहू द्यावे. सुवासच हवा असेल तर मोगरा आहे, पारिजातक आहे, रातराणी आहे. ह्यांनी आमच्याकडे तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

चुन्याच्या पुढचे दुखणे मिठाचे. ऊस आला, बारमाही पाणी आले, पैसा आला आणि त्यांच्या मागोमाग जमिनीवर पांढरा थर आला. भारी जमिनीत पाणी मुरून खाली साठते, वर उन्हाने सुकते आणि सुकताना खालचे क्षार वर आणून ठेवते. दिव्यातली वात तेल ओढते तसे हे चालते. आमच्या तालुक्यातली पुष्कळ शिवारे अशी क्षारपड झाली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अलीकडे शेतकऱ्यांनी जमिनीच्या पोटात सच्छिद्र पाइप घालून ते खारे पाणी बाहेर काढण्याचे मोठे काम हाती घेतले आहे. पांढरी पडलेली रानेच्या राने त्यामुळे पुन्हा पिकाखाली आली.

परसात पाइप कोण घालणार? पण तत्त्व तेच. पाण्याला बाहेर जायला वाट द्यावी आणि वात तोडावी. वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करावेत. मातीवर उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे. शिरोळात पाचटाला दाम पडत नाही आणि त्याच्यासारखे पांघरूण नाही. उन्हाने पाणी सुकत नाही, म्हणून क्षार वर चढत नाहीत. वर्षभरात पाचट कुजून खालची माती मऊ होते. बोअरचे पाणी कुंड्यांना घालत असाल तर महिन्यातून एकदा कुंडी काठोकाठ भरून पाणी खालून वाहू द्यावे, ते निथळले की पुन्हा एकदा. साठलेले क्षार धुऊन निघतात. आणि कपड्यांच्या साबणाचे पाणी भारी काळ्या मातीत सोडू नये. त्यातला सोडा मातीला चोपण करतो. ओली असताना ती साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की विटेसारखी होते. आमच्या आज्या न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ लावीत, पण त्या काळी अंगाला शिकेकाई आणि डाळीचे पीठ होते, हे विसरू नये.

जमीन खारटलेली असेल तर झाडे निवडतानाच शहाणपण दाखवावे. नारळ, चिकू, बोर, डाळिंब ही खाऱ्याला धीराने तोंड देतात. भाज्यांत पालक आणि बीट. आमच्या शेजारच्या जैन काकू जमिनीखालचे काही खात नाहीत, म्हणून आमच्या बिटाच्या वाफ्यालगत त्यांच्यासाठी पालक असतो. वाफा एक, घरे दोन, पंगत वेगळी. उलट घेवडा, लिंबू, गुलाब ही नाजूक मंडळी. ती खाऱ्या मातीत पानांच्या कडा करपवून आपली नाराजी कळवतात. त्यांना कुंडीत किंवा चांगल्या मातीच्या उंच वाफ्यात जागा द्यावी.

मात्र कुंडीत निव्वळ काळी माती भरणे म्हणजे झाडाला घड्यात कोंडणे. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी दुखणी टळतात. कारखान्याचे प्रेसमड मिळाले तर तेही चालते, पण पुरते कुजलेले आणि थंड झालेले. ताजे घातले तर मुळे भाजतात.

इथवरची दुखणी कोणत्याही काळ्या रानातली. शिरोळचे खास दुखणे निराळेच आहे, ते म्हणजे पूर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या नद्या डोंगरातला पाऊस घेऊन एकत्र येतात, त्यांची पंचगंगा होते, आणि ती नरसोबाच्या वाडीला येऊन कृष्णेला मिळते. पाऊस तिकडे पडतो आणि पूर आमच्याकडे येतो. येथे ढग नसतानाही अंगणात पाणी चढते. २००५ साली ते आले, २०१९ च्या ऑगस्टात आले, २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. २०१९ साली आत्तीच्या गल्लीत ते इतके दिवस राहिले की परत गेलो तेव्हा परसात हिरवे म्हणावे असे काही उरले नव्हते. पपई पहिल्या दोन दिवसांतच गेली असणार. तिला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. शेवगा गेला, सीताफळ गेले, कढीलिंब गेला. तुळशीवृंदावन उभे होते आणि त्यात गाळ होता. नारळ मात्र चिखलाने कमरेपर्यंत रंगून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने उभा होता. शेजारच्या परड्यातले जांभूळही तसेच.

पुरात कोण टिकते, हे नदीकाठी फिरले की समजते. वाडीला दत्ताच्या पादुका उंबराखाली आहेत. औदुंबराचे माहात्म्य भाविकांनी सांगावे. मला बागवानीच्या नजरेने एवढेच दिसते की उंबर हे मुळात ओढ्यानदीकाठचे झाड आहे. नदीच्या दाराशी नदीच्या ओळखीचे झाड. तीच गोष्ट जांभळाची, करंजाची, अर्जुनाची. अंगणाची जागा सखल असेल आणि मोठे झाड लावायचे असेल, तर ह्यांच्यातून निवडावे. पेरूही काही दिवस पाणी सोसतो.

आणि लहान झाडांचे काय? तेही वाडीच शिकवते. पुराचे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. लोक त्या पाण्यात स्नान करतात. पण त्याआधी देवाची उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात नेऊन ठेवलेली असते. साक्षात देव पुराला मान देऊन वर जातो, मग आपल्या कुंडीने का जाऊ नये? आमच्या घरी आता नियमच आहे. मोगरा, गुलाब, कढीलिंब, तुळस ह्यांच्या कुंड्या एका माणसाला उचलता येतील एवढ्याच मापाच्या. आषाढ लागला की त्या गच्चीवर जातात आणि गणपती उठले की खाली येतात.

पूर ओसरल्यावर माणसाचे हात शिवशिवतात. गाळ उपसावा, खणावे, लावावे आणि झाले ते एकदाचे पुसून टाकावे असे वाटते. इथेच थांबायचे असते. भाजी पुरात बुडाली असेल तर ती कितीही ताजी दिसली तरी खाऊ नये; गटारे आणि गोठे सगळ्यांचे पाणी त्यात मिसळलेले असते. ती उपटून खड्ड्यात टाकावी. झाडांच्या बुंध्याभोवती बसलेला गाळ हलक्या हाताने सोडवावा, म्हणजे मुळांना हवा लागेल. पाणी काढून देण्यासाठी चर काढावेत. पण माती खणू नये. ओली काळी माती तुडवली किंवा खणली की तिची ढेकळे होतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. वाफसा येईपर्यंत वाट पाहावी.

वाफसा हा शब्द आमच्या शेतकऱ्याने मराठीला दिलेला एक दागिना आहे. मातीत ओल असावी आणि हवाही असावी, तिने पाणी धरून ठेवावे पण ती पाण्यात बुडालेली नसावी, ह्या सगळ्याला एक शब्द. ओळखण्याची रीत सोपी. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो चिखलासारखा थापला गेला तर अजून थांबा. पडून मोकळा झाला तर वाफसा आला, कुदळ घ्या.

२०१९ नंतर आत्तीच्या परसाला वाफसा यायला फार दिवस लागले. तेवढ्यात पुण्याहून तिचा मुलगा आला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी हे असे होणार. तिने सत्तरी ओलांडलेली. रात्री-अपरात्री पाणी चढले तर कोण धावणार? घर बंद करावे आणि पुण्याला यावे. तिथे चौथ्या मजल्यावर गॅलरी आहे, हव्या तेवढ्या कुंड्या लाव. आत्तीने ऐकून घेतले. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. हिवाळाभर ती पुण्याला राहिलीही. उन्हाळ्यात परत आली आणि पहिल्या पावसानंतर तिने परसाच्या कोपऱ्यात जांभळाचे रोप लावले. शेजारच्या झाडाखाली उगवलेले, बियांचे.

मी म्हटले, "आत्ती, बियांच्या जांभळाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात. कलम आणून देतो, लवकर येईल."

"मला कुठं जांभळं खायाची हाईत?"

"मग?"

"पुरात समद्या गल्ल्या एकसारख्या दिसत्यात रं. व्हडीतनं घर वळकायला एक खूण नको व्हय?"

त्यानंतर मी झाडांची निवड ह्या विषयावर तिच्याशी बोललो नाही. २०२१ साली पाणी पुन्हा आले तेव्हा ते रोप पाण्याखाली गेले होते. पाणी ओसरल्यावर पाने झडलेली काठी उरली होती आणि मुलाने फोनवर पुन्हा तोच विषय काढला होता. तीन आठवड्यांनी बुंध्याजवळून तांबूस कोंब फुटला. आज जांभूळ घराच्या पन्हाळीला टेकले आहे. मायलेकांचे भांडण अजून मिटलेले नाही. आत्ती आता पावसाळ्याचे दोन महिने पुण्याला जाते आणि दहा महिने शिरोळला असते. उत्सवमूर्तीसारखेच म्हणा ना.

जाता जाता घरोघरच्या दोन-तीन तक्रारींची उत्तरे देऊन टाकतो. 'आमचा कलमी गुलाब रानटी झाला' ही पहिली. कलमी गुलाबाचे मूळ एका जातीचे आणि फांदी दुसऱ्या जातीची असते. कलमाच्या गाठीखालून फुटलेला जोमदार कोंब मूळच्या रानटी गुलाबाचा असतो. तो राहू दिला तर सगळे अन्न तोच खातो. तो सापडेल तेव्हा मुळाशी जाऊन काढावा आणि लावतानाच गाठ मातीच्या वर ठेवावी.

दुसरी तक्रार जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाची. तो पिठ्या ढेकूण. लागण थोडी असेल तर पाण्याची जोरदार धार आणि जुना दात घासण्याचा ब्रश पुरे. अधिक असेल तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावे. शिवाय मुंग्यांचा रस्ता पाहावा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला पाळतात; त्यांना अडवल्याशिवाय तो हटत नाही. आमच्या भागात तंबाखू मुबलक, म्हणून पुष्कळजण तंबाखूचे पाणी मारतात. ते करू नये. ते माणसालाही विषारी आहे, आणि मिरची-टोमॅटोला तंबाखूचा रोग त्यातून लागू शकतो.

तिसरी, 'मोगरा नुसता पाला काढतो, फुलत नाही.' त्याला ऊन आणि विश्रांती दोन्ही द्या. मार्गशीर्षात पाणी तोडावे, पौषाच्या सुमारास छाटणी करून खत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. सदा पोट भरलेला मोगरा आळशी होतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस गेलेला असेल, जमिनीला बहुधा वाफसा असेल आणि थंडीची चाहूल लागलेली असेल. बागेच्या आरंभाला ह्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. मेथी आणि पालक आताच पेरावा. मेथी महिन्याच्या आत ताटात येते. धने चपलेखाली रगडून दोन फाका करावे, रात्रभर भिजवावे आणि मग पेरावे, म्हणजे कोथिंबीर सारखी उगवते. वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा. त्याच्या मुळांपासून सूत्रकृमी दूर राहतात आणि फुले देवाला होतात. आणि वांग्याची चार रोपे तरी लावावीतच. कृष्णाकाठच्या गाळाच्या मातीत वांगे जे चवीला उतरते, त्याचे कौतुक दूरदूरच्या बाजारांत आहे. पुराने आमच्याकडून पुष्कळ नेले, पण तो जो गाळ ठेवून जातो त्याची परतफेड निदान वांग्यात तरी दिसते. तयार रोपे आता लावली तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला घरची वांगी निघतील. शेजारी दोन द्यायला विसरू नका. त्यांनी रोप मागितले तर मात्र आधी त्यांच्या बशीत चमचाभर माती मागून घ्या.